जिथं फूल तिथं भोक

…तर कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या वेणूबाई सूप बाजूला ठेवून हवेच्या पायपानं तांदूळ पाखडत होत्या, इथंवर काल आलो होतो. पुढं ऐका. कोंडा खिडकीतून बाहेर जायचा सोडून सरळ दारात उभ्या असलेल्या आमच्या मॅनेजरच्या, निंबाळकरसाहेबांच्या तोंडावर गेला. चष्म्यावर कोंडा, मिशांवर कोंडा. वेणूबाई अशा दचकल्या की पाईपच हातातून सुटला, आणि तो फुसफुसत फरशीवर असा काही नाचायला लागला की परातीतले उरलेले तांदूळही भिंतीला जाऊन चिकटले.

"वेणूबाई, हे काय चाललंय?"

"काय न्हाय सायेब. तांदूळ पाखडतीया."

"हवेच्या पायपानं?"

"मग पाखडायचं कशानं सायेब? गावाकडं वारं पडलं की आमी वाट बगत बसायचो. हितं नळागत सोडलं की आलं वारं. फुकाटचं."

साहेब चष्मा पुसत हसले आणि निघून गेले. रागावले नाहीत. रागावणार कसे? वारं फुकाटचं असतं हे कारखान्यातल्या वॉचमनपासून खुद्द साहेबांपर्यंत सगळ्यांनाच पटलेलं होतं. मलाही.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साल शहाण्णव. रबाळ्याच्या एमआयडीसीत आमचा पत्र्याचे डबे करायचा कारखाना होता. रंगाचे डबे, तेलाचे डबे, बिस्किटांचे चौकोनी डबे. पत्रा कापायचा, वळवायचा, झाकण ठोकायचं, सगळं प्रेसवर. आणि प्रेस चालायचे दाबलेल्या हवेवर. मागच्या खोलीत पंच्याहत्तर हॉर्सपॉवरचे दोन कॉम्प्रेसर होते. ते हवा दाबून टाकीत भरायचे आणि तिथून लोखंडी पायपानं ती सगळ्या कारखान्यात फिरायची, घरात पाण्याची लाईन फिरते तशी. मी तिथं फिटर. साताऱ्याकडचा, गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, हातात पाना आला आणि पोट भरलं. नेरूळहून कंपनीच्या बसनं यायचो.

आता हवा अशी नळागत मिळाल्यावर माणूस काय काय करील! पाळी सुटली की सगळे रांगेनं उभे राहून अंगावरची धूळ पायपानं उडवायचे. एप्रिल-मे महिन्यात तर दोघे-तिघे शर्टाची बटणं काढून पाईप आत सोडायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे, जणू महाबळेश्वरला आलेत. एकानं तर केस वाळवून भांग पाडायची पद्धत काढली होती. जुने पाईप कुठं कुठं चिरलेले, जोड सैल झालेले, सगळीकडून बारीक फुस्स फुस्स चालू. पण ते ऐकू कुणाला येणार? वीस प्रेस एकदम ठोकत असले की शेजारच्या माणसाला हाक मारायची म्हटली तरी खांद्याला हात लावावा लागायचा.

ऐकू यायचं फक्त एका माणसाला. गोटीरामला.

गोटीराम गोठिवली गावचा, म्हणजे आमच्या कारखान्याच्या पलीकडच्याच गावचा. ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला की त्याचं घर. कारखाना उभा होता त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर एकेकाळी त्यांची भातखाचरं होती, आणि खाडीकडं खाजणाचा बांध. त्याच्या वडलांकडं त्या बांधाची राखण होती. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध. पण बांधाला खेकडे बिळं पाडतात. बोटाएवढं बीळ, पण एका भरतीत तिथून पाणी असं घुसतं की वर्षाचं भात खारवून जातं. तर हा गोटीराम सहा-सात वर्षांचा असल्यापासून वडलांच्या मागं बांधावर फिरायचा आणि ओहोटीला कान लावून कुठं पाणी झिरपतंय ते हुडकायचा. जमिनी गेल्या, बांध गेला, कान तेवढा राहिला.

अंगानं काटकुळा, रंगानं काळा, बोलणं कमी. कॉम्प्रेसरच्या खोलीत तो तेल बघायचा, पाणी सोडायचा, टाकीचा काटा वहीत लिहायचा. नऊ वर्षं बदली कामगार. बदली म्हणजे काम रोज, पण नाव पक्क्या यादीत नाही. आम्हा पर्मनंट लोकांना खाकी कपडे, बसचा पास. हा घरच्या लेंग्यात. गावात लोक विचारायचे, "काय रं, तू नक्की कंपनीत हायस का कंपनीच्या भायेर?" तो हसायचा. घरी त्याच्या बायकोला, मालतीबाईंना मात्र ते लागायचं.

आणि त्या वर्षी योग आला. शेवटच्या टोकाच्या प्रेसला हवा पुरत नव्हती. झाकणं अर्धवट ठोकली जायची. आधी साहेबांनी कॉम्प्रेसरचा दाब सहावरून सातवर नेला, मग आठ किलोवर. पंधरा दिवस बरं चालायचं, की पुन्हा तीच रड. शेवटी मुख्य कचेरीला लिहून तिसरा कॉम्प्रेसर मंजूर करून घेतला. नव्या वर्षात यायचा होता. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तीन नंबरवर ऑपरेटर म्हणून गोटीराम. पर्मनंट."

मालतीबाईंनी ही बातमी सांगितली नाही असं गोठिवलीत एक घर राहिलं नसेल.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडं खंडेनवमीला सगळी मशीनं बंद करून धुऊन-पुसून पूजा. झेंडूचे हार, हळदीकुंकू, प्रत्येक प्रेसला नारळ. आणि आमच्या कारखान्याची एक खास रीत होती. पूजा झाली की पहिल्या प्रेसवर साहेबांच्या हातानं एक डबा पाडायचा. त्याला आम्ही देवाचा डबा म्हणायचो. त्यात पेढे भरून देवापुढं ठेवायचे, मग वाटायचे. आता डबा पाडायचा तर लाईनीत हवा पाहिजे. म्हणून सगळं बंद असलं तरी एक नंबरचा कॉम्प्रेसर तेवढा चालू ठेवायचा. दरवर्षी तसंच. गुरुजी यायचे, अर्ध्या तासात पूजा आटपायची, डबा पडायचा, कॉम्प्रेसर बंद.

त्या वर्षी गुरुजींना यायला दोन तास उशीर झाला. बिचारे सकाळपासून अकरा कारखाने करत आले होते. एका ठिकाणी मालकानं सगळ्या ट्रकांचीही पूजा करायला लावली आणि ट्रक निघाले सव्वीस! तर ते येईपर्यंत आम्ही सगळे नवे कपडे घालून बसलेले. वीस प्रेस गप्प. वर्षात पहिल्यांदा कारखान्यात चिमण्या ऐकू आल्या.

गोटीराम माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. म्हणाला, "हौसेमामा, ऐकताव काय?"

"काय ऐकू? भूक लागलीय, पोट ऐकतोय."

"कॉम्प्रेसर ऐका."

ऐकलं. कॉम्प्रेसर हवा दाबायला लागला की जड धडधडतो, टाकी भरली की हलका होऊन नुसता घरघरतो. तो धडधडत होता. मग हलका झाला. मग पुन्हा धडधडला.

"बरं मग? टाकी रिकामी झाली की भरतोय. त्याचं कामच हाय ते."

"रिकामी झाली कशी?" गोटीराम म्हणाला. "हवा घेतंय कोन? सगली मशीन बंद हाय."

त्यानं माझं मनगट धरलं आणि घड्याळ स्वतःकडं वळवलं. आम्ही दोघांनी दीड तास मोजलं, दुसरं काम तरी काय होतं! तीन मिनिटं ओढायचा, दोन मिनिटं दम खायचा. तीन मिनिटं, दोन मिनिटं. घड्याळ लावल्यासारखं. पाचातली तीन मिनिटं तो पंच्याहत्तर हॉर्सपॉवरचा गडी नुसत्या भोकांतून वारा बाहेर घालवायला राबत होता.

मी म्हटलं, "म्हणजे अर्ध्या मशीनहून जास्ती हवा अशीच जातीया?"

"हां. आन्‌ टोकाला पुरंत नाय म्हनून साहेबांनी दाब वारवला. दाब वारवला तं भोकातून अजून जोरात जाईल. नळ फुटला असताना टाकी उंच नेऊन बसवायची, तसं."

पुढचं मलाही त्याच क्षणी कळलं. ही भोकं बुजवली तर टोकाच्या प्रेसला हवा पुरेल. हवा पुरली तर तिसरा कॉम्प्रेसर कशाला? आणि तिसरा नाही, तर…

मी इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हटलं, "गोटीराम, लेका, तू काय ऐकलं न्हाईस. मी बी काय ऐकलं न्हाई. गुरुजी आलं बघ, ऊठ."

दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. सोनं द्यायला म्हणून मी गोठिवलीला गेलो. मालतीबाईंनी भोपळ्याच्या घाऱ्या केल्या होत्या. गोटीराम ओट्यावर बसून जुना दाढीचा ब्रश स्वच्छ धूत होता. मला बघून मालतीबाई म्हणाल्या, "बरं झालं आलात मामा. या मानसाच्या कानाला कोनीतरी बूच लावा."

"सांगितलं वाटतं त्यानं?"

"रातच्यान दुसरं काय बोललाच नाय. आमच्या सासऱ्यांना पन हेच खूळ. जेवता जेवता उठून बांधावर पलायचं. अहो, नऊ वरसांनी मशीन यायची हाय दारात, आन्‌ हा तिला परत पाठवतो!"

गोटीराम मान खाली घालून म्हणाला, "मशीन आली तरी भोकं ऱ्हातील. दोन वरसांनी चौथी मागतील."

"मागू देत की! तुज्या बापाची वीज हाय काय?"

"नाय. पन कुनाच्या तरी बापाची हाय."

मालतीबाई फणकाऱ्यानं आत गेल्या. मी घारी तोंडात कोंबली, म्हणजे काही बोलावं लागू नये. खरं सांगतो, मी मालतीबाईंच्याच बाजूचा होतो. मला वाटत होतं, हा माणूस आपल्या हातानं आपलं नशीब लाथाडतोय. मी तसं म्हणालोही. "आधी पर्मनंट होऊन घे की. कपडे अंगात आले की मग सांग."

"तवा साहेब इचारतील, आधी का नाय सांगितलंस. मी काय सांगू?"

तेवढ्यात मालतीबाई बाहेर आल्या आणि कपडे धुवायच्या पावडरीचं आख्खं पाकीट त्यांनी धप्पकन त्याच्या पुढ्यात टाकलं.

"भोकं हुडकायला फेस पायजे म्हनून बार साबन किसून किसून संपवलास माजा. याचा फेस जास्ती होतो. घे. आन्‌ नोकरी गेली तं माज्याशी बोलू नको."

सोनं देताना मात्र त्यांनी पहिलं पान नवऱ्याच्याच हातावर ठेवलं, ते मी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी कारखाना सुरू व्हायच्या दीड तास आधी गोटीराम हजर. मी पण गेलो, म्हटलं बघू तरी. एक कॉम्प्रेसर चालू केला, प्रेस बंद. एका हातात पावडरीच्या पाण्याचं डबडं, दुसऱ्यात ब्रश. पायपाच्या जोडाला फेस लावायचा आणि बघायचं. फेस गप्प बसला तर पुढं. बुडबुडा फुगला की तिथं भोक. खूण कशाची करावी? खडू लागेना, पाईप तेलकट. तर पूजेचे झेंडूचे हार अजून मशीनवर होतेच. गोटीराम एकेक फूल तोडायचा आणि दोऱ्यानं त्या जागी बांधायचा.

कान तर असा, की कितीदा फेस लावायच्या आधीच तो म्हणायचा, "इथं हाय." आणि असायचं!

साडेसातला निंबाळकरसाहेब आले. दारातच थबकले. वरच्या लाईनीला फुलं, खालच्या नळ्यांना फुलं, प्रेसच्या पाठीमागं फुलं, कॅन्टीनच्या भिंतीवरून जाणाऱ्या पायपाला तर नुसती माळच.

"ही कुठली पूजा? परवा झाली ना?"

"साहेब," गोटीराम शिडीवरून म्हणाला, "जिथं फूल तिथं भोक. त्रेसष्ट झाली. अजून गोदामाकरं बगायचं हाय."

साहेबांना वाटलं, थट्टा करतोय. मग गोटीरामनं खंडेनवमीचं सगळं सांगितलं. तीन मिनिटं, दोन मिनिटं. साहेब इंजिनिअर माणूस, पुढचं सांगावं लागलं नाही. खिशातून पेन काढून तिथंच एका डब्याच्या झाकणावर आकडे मांडायला लागले. मांडता मांडता खाली बसले. नंतर त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, की गव्हाच्या दाण्याएवढ्या एका भोकातून एवढी हवा जाते, की ती दाबायला लागणाऱ्या विजेवर शंभराचे पंचवीस-तीस दिवे कायम जळतील. "आपण फुकट म्हणतो ती हवा नाही रे," ते म्हणाले, "पायपातून वीजच वाहतेय."

पुढचे तीन रविवार मी आणि गोटीराम पाना आणि पॅकिंग घेऊन त्या फुलांच्या मागं फिरलो. जोड आवळले, वॉशर बदलले, चिरलेले रबरी पाईप फेकले. जे फाटे कुठंच जात नव्हते ते बूच ठोकून बंद केले. अंगावरची धूळ उडवायचे पाईप निघाले, त्या जागी भिंतीला ब्रश टांगले. यावर पोरांनी दोन दिवस कुरकुर केली. कॅन्टीनचा पाईप कापला तेव्हा वेणूबाई गोटीरामला म्हणाल्या, "मुडद्या, माजं वारं न्हेलंस! आता यीऊन सूप धर." आणि तो खरंच गेला, अर्धा तास सूप धरून बसला. पाखडता काही येईना. सगळा कोंडा वेणूबाईंच्या अंगावर.

चौथ्या रविवारी सगळी मशीनं बंद ठेवून साहेब स्वतः घड्याळ घेऊन बसले. कॉम्प्रेसर एकदा ओढून गप्प झाला तो चौदा मिनिटं उठलाच नाही. साहेबांनी दाब आठवरून खाली आणला, साडेसहावर. सोमवारी आम्ही सगळे टोकाच्या प्रेसपाशी जमलो, बाळाला पहिलं पाऊल टाकताना बघायला जमतात तसे. झाकण पडलं. पूर्ण, गोल, कडेला कुठं वाकडं नाही. टाळ्या वाजल्या. दुपारच्या पाळीला तर दोन नंबरचा कॉम्प्रेसर बंदच ठेवायला लागलो. महिन्याला बारा हजारांच्या वर युनिट कमी झाले, ते साहेबांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. शेजारच्या दोन कारखान्यांतून लोक बघायला आले, आणि सगळ्यांनी आधी विचारलं ते हेच, "फुलं कशाची बांधलेली?"

पण मुख्य कचेरीनं जे करायचं तेच केलं. तिसरा कॉम्प्रेसर रद्द. त्याबरोबर त्याच्या ऑपरेटरची जागाही रद्द. कागद आला तो डिसेंबरात.

साहेबांनी गोटीरामला केबिनमध्ये बोलावलं. हवेचा एक व्हॉल्व्ह तिथं बदलायचा होता म्हणून मी आतच होतो, म्हणून हे ऐकायला मिळालं. साहेबांचा चेहरा असा पडलेला, की जणू त्यांचीच नोकरी गेलीय. त्यांनी कागद टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला.

"गोटीराम, बसा."

हा उभाच.

"मी तुम्हाला शब्द दिला होता. तीन नंबरवर पर्मनंट. आता तीन नंबरच येणार नाही. तुम्ही सांगितलंत म्हणूनच येणार नाही. सांगताना हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"घरी?"

"घरी पन ठाव व्हतं."

साहेबांनी एक कोरा कागद पुढं ओढला. मग म्हणाले, "कचेरीला मी पुन्हा लिहिणार आहे. नुसतं उपकार म्हणून लिहिलं तर ते फेकून देतील. मला कामाचं नाव पाहिजे, रोजचं काम पाहिजे. कॉम्प्रेसर दोनच, त्यांना माणसं आहेत. तुम्हीच सांगा, मी काय लिहू? तुम्हाला कशावर ठेवू?"

गोटीरामनं जे उत्तर दिलं ते साहेबांनी त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवून वर पाठवलं. जानेवारीत मंजुरी आली, त्यात एका अशा जागेचं नाव होतं जे तोवर आमच्या कुठल्या यादीत नव्हतं: हवा-लाईन तपासनीस, पर्मनंट. खाकी कपडे त्याला दोन्ही खांद्यांत ढगळ झाले, आणि मालतीबाईंनी ते उसवून पुन्हा शिवले. पण मला अजून आठवतं ते त्या केबिनमधलं उत्तर. हात मागं बांधून, मान वर न करता तो म्हणाला:

"साहेब, नवी मशीन आली असती तं मी तिच्याजवल खुर्चीवर बसून ऱ्हायलो असतो, आन्‌ ती भोकांसाठी चालते ह्ये ऐकत ऱ्हायलो असतो. तसला पगार मना गोड लागला नसता. आज पाईप सगले गच्च हायत, पन लोखंड हाय, रबर हाय, शिमग्यापरेंत धा ठिकानी पुन्ना सुटतील. त्यांच्यामागं रोज फिराया मानूस लागतो, आन्‌ मानूस मशीनपरीस कमी वीज खातो. तवा लिवा तसं. मना खुर्ची नको, शिडी द्या. आन्‌ आजपासून द्यायची तं आताच द्या, चार नंबर प्रेसच्या मागं कालपासून एक नवीन भोक वाजतंय, ते पयलं बगतो."